पाठमोऱ्या जोयचं बोलणं

आमच्या नाँगसिम गावात माणसाला मूल झालं की त्याचं स्वतःचं नाव संपतं. परवापर्यंत ज्याला आपण नावाने हाका मारत होतो तो एकदम अमक्याचा बाप होतो, आणि मरेपर्यंत अमक्याचा बापच राहतो. थोंगमुअन मात्र पन्नाशीला टेकला तरी थोंगमुअनच होता. थोंगमुअन म्हणजे आमच्याकडची ती गुंडाळून भाजलेली नारळाची कुरकुरीत नळी. आईला डोहाळ्यांत तीच हवी होती, म्हणून हे नाव. गावाने एवढंही नाव घ्यायचे कष्ट घेतले नाहीत. त्यातलं शेपूट तेवढं ठेवलं, मुअन. आमच्या बोलीत मुअन म्हणजे मजा. तो गावात आला की लोक म्हणायचे, "मजा आली, ट्रकमधून उतरतेय बघा."

धंदाही मजेचाच होता. हेंगशेठ नावाचे एक औषधविके होते. त्यांच्या ट्रकवर पडदा, प्रोजेक्टर, जनरेटर, दोन भोंगे आणि जंतांच्या गोळ्यांची खोकी. गावोगाव जायचं, विहाराच्या पटांगणात पडदा ताणायचा, फुकट सिनेमा लावायचा आणि नायिका ऐन संकटात सापडली की सिनेमा थांबवून गोळ्या विकायच्या. गोळ्या खपल्याशिवाय नायिका सुटत नसे. त्या काळची ती छोटी रिळं मुकी असत. पडद्यावरच्या सगळ्यांच्या तोंडी शब्द घालायला एक माणूस माईक घेऊन बसे. नायक तोच, नायिका तोच, सासू, पोलीस, कुत्रा आणि वादळही तोच. आमच्या भागात तो माणूस म्हणजे मुअन.

या धंद्यात तो शिरला तो नायिका म्हणून. हेंगशेठची बायको बायकांचे आवाज काढायची. ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि शेठनी विहारात मंत्र म्हणणारं एक किनऱ्या आवाजाचं पोरगं उचललं. पोरगं रडायचं फार छान. नायिका रडली की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर शोधू लागत. हे सगळं चौदाव्या वर्षापर्यंत सुरळीत चाललं. मग एका जत्रेत, नायक मांडीवर प्राण सोडत असताना, नायिकेने "नाथ, मला एकटीला सोडून" एवढं कोकिळेच्या आवाजात म्हटलं आणि "जाऊ नका" रेड्याच्या.  नायिकेला भुताने धरलं असं समजून दोन म्हाताऱ्या मंत्र म्हणू लागल्या. मुअनने घाबरून पुन्हा प्रयत्न केला, तर कोकीळ आणि रेडा आळीपाळीने रडू लागले. हेंगशेठ मुरलेले व्यापारी. त्यांनी तिथेच दिवा लावला आणि म्हणाले, "मंडळी, घसा बसला की असं होतं," आणि घशाच्या औषधाची सगळी खोकी रिकामी केली. "लोक वयात येतात तेव्हा घरात आरसा असतो. मी वयात आलो तेव्हा भोंगा होता," असं मुअन पुढे स्वतःच सांगायचा आणि सगळ्यांच्या आधी हसायचा.

फुटलेल्या आवाजातून त्याने हळूहळू पुष्कळ आवाज काढले. पण त्या गडबडीत स्वतःचा ठेवायचा राहून गेला. भात मागायचा तर खलनायकाच्या आवाजात, भिक्खूंना नमस्कार करायचा तर गावच्या पाटलाच्या, कुत्रं हाकलायचं तर पोलिसाच्या. लोकांना वाटे, काय हा विनोदी माणूस. त्याला मात्र खरोखरच दुसरा मार्ग माहीत नव्हता.

एकोणिसाव्या वर्षी त्याने एकदा प्रेम करून पाहिलं. आमच्याकडे तेव्हा पोरी संध्याकाळी अंगणात रेशीम काढत बसत आणि पोरं तिथे जाऊन गोड बोलत. बाप घरात कान देऊन बसलेला असे. मुअन गेला, कोश उकळायच्या चुलीच्या उजेडात बसला आणि नायकाच्या आवाजात चंद्राविषयी बोलू लागला. पोरगी हातातलं काम सोडून ऐकत राहिली. तेवढ्यात बाप आतून खोकला. आता, आमच्या सगळ्या सिनेमांत बाप खोकला की पाठोपाठ पोलीस येतात. मुअनच्या तोंडून सवयीने निघालं, "घराला वेढा पडलाय. कोणी हलायचं नाही." बापाने घराखाली चोरून गाळलेल्या दारूचा रांजण ठेवला होता. तो मागच्या खिडकीतून उडी मारून भातखाचरात पळाला आणि सकाळी चिखलाने माखून परत आला. त्या घरात मुअनला पुन्हा कोणी पाय ठेवू दिला नाही.

तरीही गावातली मिसरूड फुटलेली पोरं प्रेमाचा सल्ला विचारायला त्याच्याकडेच यायची. इतकी प्रेमं ज्याने तोंडाने केली त्याला काय ठाऊक नसणार? मुअनही त्यांना निराश करत नसे. मांडीला मांडी लावून, डोळे मिटून, सल्ले देई. ते सगळे एका सिनेमातले असत.

त्या सिनेमाचं नाव मुअननेच ठेवलं होतं, 'शिंगं फुटली'. कुठल्याशा थंड देशातला, समुद्रकाठच्या गावातला. देश कुठला हे हेंगशेठनाही माहीत नव्हतं, कारण डब्यावरचा कागद उंदरांनी खाल्ला होता. त्यात तीन शाळकरी पोरं असतात. त्यांना बायकांविषयी ओ की ठो कळत नसतं आणि आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची पक्की खात्री असते. एक काजळाने मिशी काढून नाचाच्या हॉलमध्ये घुसतो आणि घामाने ती मिशी हनुवटीवर येते. दुसरा चुंबनाचा सराव कलिंगडावर करतो आणि आई नेमकं तेच कलिंगड पाहुण्यांसमोर कापते. तिघं मिळून औषधाच्या दुकानात काहीतरी मोठ्या माणसांचं मागायला जातात, पण काउंटरवर बाई दिसली की तिघांची दातखीळ बसते आणि खोकल्याची बाटली घेऊन परततात. सिनेमा संपेपर्यंत त्यांच्या माडीवर खोकल्याच्या बाटल्यांची दुकानापेक्षा मोठी रांग झालेली असते.

तिसरा पोरगा चष्मेवाला, काटकुळा. मुअनने त्याचं नाव ठेवलं जोय. जोयचं पाववाल्याच्या मुलीवर प्रेम असतं. तिला ते सांगायला तो रोज जातो आणि रोज पाव घेऊन येतो. शेवटच्या रिळात एकदाचा तो दुकानाच्या दारात उभा राहतो आणि बोलतो. भरपूर बोलतो. पण आपल्याला तो दिसतो पाठमोरा. मग मुलीचा चेहरा दिसतो, तिचे ओठ एकदाच, एवढासा एकच शब्द बोलून मिटतात आणि दार लागतं. त्यानंतर तिघं पोरं समुद्रावर बसून शिळा पाव माशांना घालतात. संपलं. जोय काय बोलला आणि ती काय म्हणाली, हे ज्या कागदावर लिहिलेलं असणार तोही उंदरांच्याच पोटात गेला होता.

आवाज देणाऱ्याला पाठमोरं माणूस म्हणजे सुट्टीचा दिवस. ओठ दिसत नाहीत, त्यामुळे वाटेल ते बोलावं. समोरच्या माणसाचं मात्र तसं नाही. हेंगशेठनी पहिल्याच दिवशी मुअनला दम दिला होता, "पडद्यावर ओठ हलले की शब्द पडलाच पाहिजे. ओठ हलतात आणि आवाज नाही, म्हणजे मढं बोलतंय असं वाटतं. गोळी कोण घेईल मग?" मुअनने हा नियम जिवापलीकडे पाळला. पाठमोऱ्या जोयच्या तोंडी तो जंतांच्या गोळ्यांची जाहिरात घालायचा. "प्रिये, तुझ्या पोटात जंत असले तरी मी तुला अंतर देणार नाही. हेंगशेठच्या गोळ्या आणल्यात, रात्री जेवणानंतर घ्यायच्या. सांग, किती पाकिटं देऊ?" मग मुलीचा चेहरा यायचा आणि त्या एवढ्याशा शब्दाच्या जागी मुअन नाजूक आवाजात म्हणायचा, "दोन." लोक पोट धरून हसायचे आणि पाकिटंही दोन दोन घ्यायचे.

आता लामदुआनविषयी सांगायला हवं. ही आमच्याच गावची. नवरा तरुणपणीच तापाने गेला, पदरात उदोम नावाचा मुलगा. सिनेमाच्या पटांगणात ती सुका माकूल, समुद्रातला तो लांब पायांचा मऊ प्राणी, विकायची. निखाऱ्यावर भाजायचा, मग उसाच्या चरकासारखं हाताने फिरवायचं एक छोटं यंत्र असतं त्यातून पातळ पापड करून काढायचा आणि वर तिखट चटणी घालायची. तो चरक कर्र कर्र वाजायचा. पहिल्यांदा तिने दुकान मांडलं ते नेमकं माईकजवळ. मुअनची नायिका विष पिऊन पडली होती.

मुअन माईकमध्येच, नायकाच्या आवाजात म्हणाला, "बाई, इथे माझी बायको मरतेय आणि तुमचं कर्र कर्र काय चाललंय?"

खालून उत्तर आलं, "मरू द्या की. काल पलीकडच्या गावातही मेली होती. माझं गिऱ्हाईक काही रोज येत नाही."

त्या दिवशी लोक नायिका सोडून या दोघांवरच हसत घरी गेले. मुअनला राग यायला हवा होता. तो आला नाही. पुढच्या जत्रेत बाई दूर बसली, तर तोच तिची पाटी उचलून जवळ घेऊन आला. हळूहळू तो चरक त्याच्या सिनेमात शिरला. सायकलचा आवाज चरक, बैलगाडीचा चरक, तुरुंगाचं दार चरक. 'शिंगं फुटली'मधलं पाववाल्याचं दार तर नेहमी लामदुआनच लावायची. मुलीने "दोन" म्हटलं की इकडे एक लांब कर्रर्र. एवढ्या वर्षांत ती वेळ कधी चुकली नाही, आणि वेळ पाळणाऱ्या माणसाविषयी आवाज देणाऱ्याला काय वाटतं हे तो धंदा केलेल्यालाच कळेल. सरळ सांगायचं तर मुअनचा तिच्यावर जीव जडला होता. तिने करपलेली शेपटं त्याच्यासाठी बाजूला काढून ठेवावीत, त्याने ती खलनायकाच्या आवाजात मागावीत, ट्रकवर उदोम झोपला तर त्याच्यावर पडद्याचं जुनं कापड घालावं, अशी बरीच वर्षं गेली.

ती त्याला मुअनदादा म्हणायची, आणि सगळा घोळ तिथेच होता. आमच्याकडे बाई थोरल्या भावाला दादा म्हणते, बसच्या कंडक्टरला दादा म्हणते आणि जिवाच्या माणसालाही दादाच म्हणते. शब्द एकच, यातला आपण कोण ते ज्याचं त्याने ओळखायचं. मुअनने ओळखायचा फार प्रयत्न केला. "मुअनदादा, चटणी देऊ?" यातला दादा भावाचा की कंडक्टरचा, यावर तो रात्ररात्र विचार करी. शेवटी सल्ला घ्यावा तर गावात सल्ला देणारा एकटा तोच.

मग काळ बदलला. रिळंच बोलू लागली. नव्या सिनेमात आवाज आधीच भरलेला येई, माईकवाला लागत नसे. औषधांनाही सरकारी परवाने लागू लागले. हेंगशेठ म्हातारे झाले होते. त्यांनी ट्रक विकायला काढला आणि मुअनला म्हणाले, "तू बहिणीकडे जा." बहिणीच्या नवऱ्याचा समुद्राकाठी बर्फाचा कारखाना होता, तिथे रखवालदार हवा होता. मुअनने हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारण लागतं, आणि त्याच्याकडचं कारण माकूल विकत बसलेलं होतं.

त्याच उन्हाळ्यात उदोमचा लष्कराच्या चिठ्ठीला नंबर लागला. तालुका कचेरीच्या आवारात सगळ्या पोरांना रांगेत उभं करतात. मडक्यातून चिठ्ठी काढायची, लाल आली की लष्करात, काळी आली की घरी. लामदुआनने गावाबाहेरच्या राईतल्या पूता आजोबांना नवस बोलला होता, की पोराची काळी निघाली तर तुम्हाला सिनेमा दाखवीन. हे आजोबा म्हणजे गावाचे राखणदार. त्यांना सिनेमा आवडतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. उदोमची काळी निघाली. लामदुआन तशीच उठून हेंगशेठकडे गेली आणि म्हणाली, ट्रक विकायच्या आधी माझा नवस फेडून द्या.

आजोबांच्या ठाण्याच्या, म्हणजे राईतल्या त्या देवळीच्या, पुजाऱ्याने विचारलं, "कोणता लावायचा? आजोबांना भुताचा आवडतो. नाहीतर मारामारीचा."

"आजोबांना पोरांचा हवाय, 'शिंगं फुटली'. आणि मुअनदादाच्या आवाजात. स्वप्नात येऊन सांगितलं त्यांनी."

"तुझ्या स्वप्नात कशाला येतील? पुजारी मी आहे."

"तुमच्या स्वप्नात येऊन येऊन कंटाळले असतील."

पुजाऱ्याने सिनेमाचा दिवस ठरवून दिला. आजोबांना खरंच कंटाळा आला असावा अशी शंका त्यालाही होती.

नवसाच्या सिनेमाला माणसांनी बसायचं नसतं. ठाण्यासमोर पडदा ताणतात, पुढे रिकाम्या खुर्च्या मांडतात, उकडलेली कोंबडी आणि तांदळाची दारू ठेवतात, आणि सिनेमा पहिल्या रिळापासून शेवटच्यापर्यंत दाखवतात. मध्ये गोळ्या विकायच्या नाहीत, काही गाळायचं नाही, नाहीतर नवस फिटत नाही. गाव आपापल्या घरात बसतं. अर्थात भोंगे दोन आणि राई गावाला लागून, त्यामुळे ऐकतं सगळं गाव, आणि सगळ्यांना सगळं पाठ होतं.

दिवस मावळताना पडदा ताणून झाला. हेंगशेठ प्रोजेक्टरशी, उदोम जनरेटरशी. लामदुआन चरक घेऊन माईकजवळ बसली होती, कारण आवाजही पूर्ण हवेत. तिने एक शेपूट भाजून मुअनपुढे धरलं.

"उद्याची बस का?"

"सकाळची."

"बर्फाच्या कारखान्यात काय बोलणार?"

"बर्फाशी काय बोलायचं?"

"मग एवढ्या आवाजांचं काय करणार?"

मुअन खलनायकाच्या आवाजात म्हणाला, "लोणचं घालीन."

लामदुआन हसली नाही. "हे कोण बोललं?"

"खलनायक."

"त्याला जाऊ दे बसने. मी मुअनदादाला विचारत होते."

मुअनने तोंड उघडलं. आत सासू होती, पोलीस होता, कुत्रा होता. तिला उत्तर देईल असं कोणीही नव्हतं. तेवढ्यात हेंगशेठनी दिवा मालवला आणि पडद्यावर समुद्र आला.

पहिली रिळं त्याच्या तोंडून आपोआप गेली. मिशी घसरली, कलिंगड कापलं गेलं, खोकल्याच्या बाटल्या वाढत गेल्या. रिकाम्या खुर्च्यांसमोर विनोद करताना त्याला पहिल्यांदाच ते पोरांचे विनोद वाटेनात. या तिघांची शिंगं निदान वेळेवर फुटली होती. आपण पन्नाशीला आलो तरी औषधाच्या दुकानात उभं राहून खोकल्याची बाटली मागतोय, असं त्याच्या मनात आलं, आणि हसूही आलं. मग एकदम ध्यानात आलं की आज जाहिरात नाही. नवसात गोळ्या चालत नाहीत. शेवटच्या रिळात जोय पाठमोरा उभा राहील, आणि त्याच्या तोंडी घालायला काहीतरी लागेल. आज बोललं नाही तर उद्या बस, आणि पुढे सगळा बर्फ.

जोय दारात उभा राहिला. पाठ वळली. मुअनने माईक घट्ट धरला आणि जोयच्या चिरक्या, अडखळत्या आवाजात सुरू झाला, "रोज येतो मी. रोज दुसरंच काहीतरी मागून जातो. मला ते नको असतं. तू दार लावतेस ना, तो आवाज ऐकायला येतो मी. उद्या मला बस आहे. तू म्हणालीस तर जाणार नाही. तुझं दुकान उचलीन, ठेवीन. उदोमला तर मी केव्हापासून..."

जनरेटरजवळ उदोमने मान वर केली. थंड देशातल्या सिनेमात आपण कुठून आलो हे त्याला कळेना. गावात माड्यांवर लोक जेवता जेवता थांबले. चरक थांबला. मुअनला यातलं काहीच दिसलं नाही, कारण पडद्यावर मुलीचा चेहरा आला होता आणि तिचे ओठ उघडत होते. ओठ उघडले की शब्द पडलाच पाहिजे. त्याच्या जिभेवर सवयीने 'दोन' आलं. ते त्याने ऐन वेळी अडवलं, अडवल्याबद्दल स्वतःवर खूशही झाला, आणि त्या खुशीतच त्याच्या तोंडून नाजूक आवाजात, ओठांशी अगदी तंतोतंत जुळून निघालं, "नको."

भोंग्यांनी ते "नको" पार भातखाचरांपर्यंत नेलं. जगात मागणी घालणारे पुष्कळ झाले असतील, नकार मिळालेलेही पुष्कळ. पण मागणी घालून, बाईला तोंड उघडायची संधी न देता तिच्याच वतीने स्वतःला नकार देणारा आमच्या गावातच निघायचा होता. गावातून कुठूनतरी एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, "गाढव आहे मेला."

हेंगशेठनी प्रोजेक्टर बंद केला. मुअन खाली मान घालून बसला होता. त्याला जमीन दुभंगून हवी होती, पण जमीन आजोबांची होती.

लामदुआन उठून समोर आली. "ती काय म्हणाली?"

"कोण?" मुअन म्हणाला. आवाज पोलिसाचा निघाला, मग हाकललेल्या कुत्र्यासारखा विरला.

"पाववाल्याची मुलगी. माझ्या नवसाच्या सिनेमात ती काय म्हणाली?"

"नको म्हणाली."

"कोणी सांगितलं तुम्हाला, ती नको म्हणाली म्हणून? विचारलंत तिला? एवढी वर्षं तिला दोन पाकिटं घ्यायला लावलीत, तोवर मी काही बोलले नाही. आज आजोबांसमोर तिच्या तोंडात खोटं घातलंत. नवस फिटला नाही माझा." मग ती हेंगशेठकडे वळली. "शेवटचं रीळ पुन्हा लावा."

हेंगशेठनी जन्मात कधी रीळ फुकट पुन्हा लावलं नव्हतं. पण त्यांनी मुकाट्याने ते उलटं गुंडाळलं आणि लावलं.

जोय पुन्हा दारात उभा राहिला. पुन्हा पाठ वळली. मुअनने जोयचा आवाज शोधला, तो सापडेना. नायक शोधला, तोही पळाला होता. पाठ तशीच उभी होती, वेळ चालला होता. शेवटी जो आवाज आला तो घोगरा होता, जरासा रडका, आणि आमच्यापैकी कोणीही तो पूर्वी ऐकला नव्हता. एवढंच म्हणाला, "लामदुआन, मी इथेच राहू का?"

मुलीचा चेहरा आला. ओठ उघडले. मुअनने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या पडद्यावर ओठ हलले आणि आवाज झाला नाही. ओठ मिटले. दार लागलं, तेही मुक्याने. चरक वाजला नाही. समुद्र आला, पाव संपला, पडदा पांढरा झाला. मुअनला वाटलं, मिळालं उत्तर. हात तोंडावर तसेच ठेवून तो सकाळच्या बसचा विचार करू लागला.

मग त्याच्या खांद्यावरून कोणीतरी माईककडे वाकलं. माकुलाचा वास आला. ओठांशी जुळायची वेळ केव्हाच निघून गेली होती, तरी भोंग्यांतून बाईचा खराखुरा आवाज आला. नाजूक वगैरे अजिबात नव्हता, चुलीपुढे बसून बसून जाड झालेला होता. साऱ्या गावाने तो ऐकला.

"उदोमचे बाबा, आवरा आता. गार होतंय खाणं."

जनरेटरजवळून कोणी हसल्यासारखं झालं. मुअनने तोंडावरचे हात काढले. त्याला "हो" म्हणायचं होतं, एवढासा एकच शब्द. माईक अजून चालूच होता. ते "हो" कोकिळेने सुरू झालं आणि रेड्याने संपलं.